अतिकाच्या अंगणात चूलबंद आवतण

शहाद्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत अतिका राहते. शाळेचे गणवेश शिवते. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर गाठ माझ्याशी आहे, हे आधीच सांगून ठेवते. मी सारंगखेड्याची रंजनाबाई, केळीवाल्या रूपचंदची बायको. माझ्या जिभेला हाड नाही असं घरात सगळे म्हणतात. नसेना का! चांगल्या माणसाचं चांगलं सांगायला हाड कशाला लागतं?

ही पोर मी फ्रॉकात पाहिलेली. तिचे वडील रमजानभाई घोड्यांचं सामान बनवायचे, खोगीर, लगाम, गळ्यातल्या घुंगरांच्या माळा. आमच्या यात्रेत दरवर्षी त्यांचं दुकान लागायचं आणि जास्तीचा माल आमच्या ओट्यावर पडलेला असायचा. त्या ओळखीनं ती मला मावशी म्हणते आणि आमच्या ह्यांना काका. एका यात्रेत एक हरवलेलं पोर रडत रडत तिच्या दुकानाशी आलं. मागून एक बाई आली, म्हणाली, मी याची मावशी, दे इकडे. हिनं दिलं नाही. पोराच्या हातात घुंगरांची माळ दिली आणि त्याची आई येईपर्यंत त्याला मांडीशी धरून बसली. ती बाई खरंच मावशी निघाली आणि हिला चार शिव्या घालून गेली. हिच्यावर काही परिणाम नाही! स्वतःच एवढीशी होती तेव्हा.

पुढे डी.एड. झाली. भरती निघेल निघेल म्हणता म्हणता जाकीरशी लग्न झालं. तो शिलाई मशिनी दुरुस्त करतो. त्याच्याच दुकानाच्या अर्ध्या भागात हिनं गणवेश शिवायला घेतले. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा गणवेश कोण घालणार? मशीन गप्प, पोरं घरात कोंडलेली. हिच्याकडे आईबापांचे नंबर होतेच. एकेकाला फोन करून म्हणाली, रविवारी सकाळी पोराला फोनसमोर बसवा, आम्ही गप्पा मारू. असं सुरू झालं. शाळा उघडल्या, मशीन परत चालू झालं, पण पोरं सोडायला तयार नाहीत. आता शहाद्याची, धानोऱ्याची, आमच्या सारंगखेड्याची, पार धडगावच्या डोंगरातली पोरं त्यात असतात. नाव ठेवलंय 'रविवारचं अंगण'. फुकट करते. मी विचारलं, का गं, एवढं कोणाचं देणं लागतेस? तर म्हणे, "मावशी, शिकवायला शिकले होते, ते गंजून जाईल ना."

पण अंगण म्हणजे मोकळं रान नाही बरं का. सुरुवातीच्याच दिवसांत कोणाच्या तरी शिकवणीच्या मीटिंगमध्ये एक अनोळखी माणूस घुसला होता. पोरींसमोर नको ते बोलला, नको ते दाखवलं. त्याला कोणी हात लावला का? नाव नको. पोरींच्या हातातले फोन तेवढे काढून घेतले. बस झालं शिक्षण, म्हणाले. आमच्याकडे हेच होतं मेलं, करणारा मोकळा आणि कुलूप पोरीला. अतिकानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि ठरवलं की आपल्या अंगणात हे घडूच द्यायचं नाही.

म्हणून लिंक दर शनिवारी नवी. ती घरातल्या एकाच मोठ्या माणसाच्या फोनवर जाते आणि पुढे पाठवायची नाही म्हणजे नाही. नवं पोर यायचं असेल तर आईबापानं आधी त्याला घेऊन तिच्या दुकानात यायचं, तोंड दाखवायचं. रविवारी लिंक दाबली की थेट आत जाता येत नाही, बाहेर थांबावं लागतं. त्या थांबायच्या जागेला ती 'ओटा' म्हणते. ओट्यावर तिची नणंद महजबीन राखणीला असते. चेहरा ओळखला तरच आत घेणार, नाहीतर देव आला तरी बाहेर. पोरांनी नुसतं आपलं नाव लावायचं, आडनाव, गाव, शाळा काही नाही. पाठीमागे साडी नाहीतर चादर टांगायची, घर दिसायला नको. एकमेकांना गुपचूप मजकूर पाठवायची सोय बंद. फोटो काढायचा नाही. घरातलं मोठं माणूस जवळ बसेल, पण पडद्यावर दिसणार नाही. आणि महजबीन नसली तर त्या रविवारी अंगणच भरत नाही, अतिका एकटी पोरांसोबत बसत नाही. मी चिडवलं, "स्वतःवरही भरोसा नाही का गं बाई?" ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, मीच नियम पाळला नाही तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

एवढं ऐकून वाटेल, पोरं कंटाळत असतील. छे! ती पोरांना बसूच देत नाही. घरातली सगळ्यात जुनी वस्तू पळत जाऊन आणा, नाव सांगू नका, बाकीच्यांनी ओळखायची. कोणी पाटा उचलून आणतं, कोणी आजोबांची कवळी! मध्येच सगळ्यांनी उठून पाणी पिऊन यायचं. धाकटी पोरं आधी बोलणार, मोठी मागून. आणि डोंगरातला तो गोवाल आहे ना, घरी पावरी बोली बोलणारा, त्याच्याकडे नेटवर्क धड नसतं. त्याचं चित्र मध्येच थिजून जातं. पूर्वी बाकीची पोरं त्याला सोडून पुढे जायची आणि तो परत आला की त्याला काही कळायचं नाही. अतिकानं खेळच करून टाकला. गोवाल थिजला की सगळ्यांनी थिजायचं. कोणाचा हात वर, कोणाची जीभ बाहेर. तो परत आला की त्याला समोर पुतळेच पुतळे दिसतात आणि तो खदाखदा हसतो. पोरं तर आता त्याचं नेटवर्क जावं म्हणून वाट बघतात.

आता माझ्या भाविकाचं सांगते. माझा मुलगा गोपाल, त्याची ही लेक. डोक्यानं तल्लख, पण बोलताना अडखळते. शाळेत पोरं नक्कल करायची, म्हणून तिनं बोलणंच टाकलं. बाईंनी विचारलं तरी मान हलवायची, बस. आमचे हे मायेचे, त्यात शंका नाही, पण घाईचे. तिच्या तोंडून एक अक्षर निघालं की पुढची सगळी वाक्यं हेच पुरी करून टाकणार. हळूहळू ती घरातही बोटानं दाखवायला लागली. ही अशीच मुकी होऊन बसली तर?

मी तिला अतिकाच्या दुकानात घेऊन गेले. अंगणातही पहिले कितीतरी रविवार ती नुसती बसून राहिली. अतिकानं एकदाही "बोल ना बेटा" केलं नाही. तिथे एक पद्धत आहे, कोणी बोलत असलं की दुसऱ्यानं त्याचं वाक्य पुरं करायचं नाही, कितीही वेळ लागो. एका रविवारी सगळे कोडी घालत होते आणि माझ्या शेजारून आवाज आला. अडखळत, थांबत, पण अख्खं कोडं! मी पदर तोंडात कोंबून रडले. त्यानंतर ती दर रविवारी बोलायला लागली. आठवडाभर शाळेत गप्प, आणि रविवारी बोलकी. दुनियेत तिच्या आवाजाला ती एवढीच जागा होती.

अंगणात दर रविवारी एक पोर मानकरी असतं. त्या दिवशीचा खेळ त्यानं चालवायचा. भाविकाची पाळी आली. तिनं ठरवलं, केळीच्या बागेतली कोडी घालायची. आठवडाभर स्वतःशीच पुटपुटत होती. शनिवारी बागेत जाऊन केळफूल आणलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

आणि इथे आमच्या ह्यांनी घोळ घातला.

आमच्याकडे कार्य असलं की चूलबंद आवतण देतात. म्हणजे घरातलं एकही माणूस मागे राहायचं नाही, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. ज्याच्या दारात गर्दी तो माणूस मोठा. आमच्या ह्यांच्या हाडातच ते मुरलेलं. नात मानकरी झाली म्हणजे ह्यांना लग्न निघाल्यासारखं झालं. लिंक यायची ह्यांच्याच फोनवर. ह्यांनी काय करावं? ती समाजाच्या ग्रुपवर टाकली, केळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली, यात्रेतल्या घोडेवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, आणि वर आवाज भरून पाठवला, "मन्ही नात भाविका उद्या बोलनार शे! समदासले चूलबंद आवतन शे, कोनी मांगे ऱ्हावानं नही!"

मला पत्ता नाही. रविवारी सकाळी बघते तर बैठकीत सतरंजी अंथरलेली, फोन टीव्हीला जोडलेला, भाऊबंद फेटे बांधून हजर, आणि हे पांढऱ्या टोपीत झोपाळ्यावर. मी म्हटलं, "हे काय आरंभलंय?" तर म्हणे, "तू चहा ठेव." भाविका केळफूल घेऊन दारात आली, तिनं ती गर्दी पाहिली, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला चहाचं भांडं आपटावंसं वाटलं.

तिकडे शहाद्यात महजबीन किंचाळली, "भाभी, ही तर वरात आली!" ओट्यावर माणसंच माणसं. नावाच्या जागी कोणी ट्रेडर्स, कोणी अश्वप्रेमी, कोणाचं नुसतं गुलाबाचं फूल. अतिकानं एकालाही आत घेतलं नाही. आत आलेल्या पोरांना सांगितलं, आज दार बदलतोय, घरी फोन येईल. मीटिंग बंद केली. नवी लिंक काढली आणि एकेका घरी स्वतः फोन करून मग पाठवली.

आमच्याकडे ह्यांचे फोन वाजायला लागले. "रूपचंदभाऊ, दार उघडी नही ऱ्हायनं!" भाऊबंद एकमेकांकडे बघून मिशीत हसायला लागले. तेवढ्यात अतिकाचा फोन आला. ती शांतपणे म्हणाली, "काका, नवी लिंक पाठवते, पण फक्त भाविकासाठी. टीव्हीवर नको, पाहुणे नकोत."

"म्हणजे माझ्या पाहुण्यांना दारातून हाकलतेस तू?"

"हो काका. हे पोरांचं अंगण आहे."

ह्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका! फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून आमची पोर तिच्या मीटिंगला जाणार नाही. रमजानच्या पोरीनं मला शिकवायचं?" मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हटलं, "कोणीतरी शिकवायलाच हवं होतं." पण ऐकतं कोण? भाविकानं केळफूल खाली ठेवलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, दूध देऊ का? तिनं नुसती मान हलवली. परत तेच! मला धडकीच भरली. इतक्या महिन्यांची कमाई एका सकाळीत गेली की काय?

त्याच दुपारी अतिका एसटीनं आली. हातात कापडाची पिशवी, ओढणी घामानं भिजलेली. हे झोपाळ्यावर होते, तिला बघून तोंड फिरवलं. मी पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि उभ्यानंच म्हणाली, "काका, मी माफी मागायला आले नाही. भाविकाला परत मागायला आले."

"माझे पाहुणे तोंड पाडून गेले. माझ्या जन्मात असं झालं नव्हतं."

"काल ओट्यावर भाविका नावानं कोणीतरी उभं होतं. भाविका तर तुमच्या घरात होती. मग ते कोण?"

"असेल कोणी भाचा-पुतण्या. गंमत करत असेल."

"चेहरा दाखव म्हटलं, दाखवला नाही. आवाज दे म्हटलं, दिला नाही. महजबीननं काढून टाकलं की परत यायचा. मग दुसऱ्या मुलीचं नाव लावून आला. मुली आत आहेत का, एवढंच लिहून विचारत होता."

हे फोन घेऊन एकेकाला विचारत सुटले. समाजाच्या ग्रुपमधल्या कोणीतरी ती लिंक त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलेली, घोडेवाल्यांनी आणखी कुठे कुठे. त्या माणसाचा काही थांग लागला नाही. आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण ऐट अशी लगेच जाते का? म्हणाले, "बरं, तो परका. पण माझ्या भाऊबंदांना तर आत घ्यायचं होतंस! त्यांनी काय पाप केलं?"

अतिका काही बोलणार, एवढ्यात आतल्या दारातून भाविका बाहेर आली. सरळ आजोबांसमोर, ती ह्यांना बाबा म्हणते, जाऊन उभी राहिली. मी देवाला हात जोडले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स... समदासले इचारं." मग थांबली. श्वास घेतला. "माले... माले नही इचारं."

सगळ्यांना विचारलंत, मला नाही विचारलं. ह्या एवढ्या मोठ्या माणसाला, ज्यानं तिची सगळी वाक्यं पुरी केली, हे वाक्य सुचलंच नव्हतं. पोरीला त्या गर्दीपुढे बोलायचं आहे का, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. मी बोलणार होते, खूप बोलणार होते, पण अतिकानं माझा हात दाबला.

ह्यांनी झोपाळा पायानं थांबवला आणि फोन उचलला. त्याच सगळ्या ग्रुपवर, आमच्या सगळ्यांसमोर, आवाज भरला. "रामराम. मी रूपचंद. मी जे आवतण दिलं होतं ते परत घेतो. कार्य पोरीचं होतं आणि पोरीलाच विचारायचं राहून गेलं. ती लिंक ज्यानं ज्यानं पुढे पाठवली त्यानं पुसून टाका. अतिकानं दार लावलं ते बरोबर केलं." दिलेलं आवतण परत घेणं म्हणजे आमच्यात नाक कापून घेणं. लोक वर्षभर बोलतील. बोलू देत! खरं सांगते, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ह्यांचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. आणि त्या पोरीचा तर किती वाटला म्हणून सांगू! स्वतःच्या बापाच्या वयाच्या, गावात वजन असलेल्या माणसापुढे ती उभी राहिली. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही, आणि नियमातून एक दोराही ढिला सोडला नाही. मी तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. वर केळीचा घड बांधून दिला. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, तुझे नियम तुझ्या अंगणात, इथे माझं चालतं.

पुढच्या रविवारी अतिकानं मानाची पाळी परत भाविकाला दिली. मागे माझी हिरवी साडी टांगलेली, मी भिंतीशी पडद्याबाहेर, दार लोटलेलं. हे बाहेर पायरीवर जाऊन बसले होते, कोणी सांगितलंही नव्हतं. भाविकानं ताजं केळफूल आणलं होतं. कोडी घातली. एकेका कोड्याला वेळ लागत होता, आणि सगळी पोरं टक लावून ऐकत होती. एक कोडं तर कोणाला सुटेना, गोवालनं डोकं खाजवून खाजवून हात टेकले. माझ्याच्यानं राहवलं नाही, मी उत्तर सांगून टाकलं! महजबीननं तिकडून आमचा आवाज बंद केला आणि बोट नाचवून दटावलं. भाविका पोट धरून हसली.

शेवटी अतिका म्हणाली, "भाविका, आज मान तुझा. घरातल्या कोणाला आत बोलवायचंय का? नको म्हणालीस तरी चालेल."

भाविकानं विचार केला. मी मनात म्हटलं, माझंच नाव घेणार, मी तर इथेच बसलेय. ती म्हणाली, "बा... बाबांना."

मी दार उघडून हाक मारली. हे उठले, धोतर झटकलं, टोपी नीट केली. अर्धं गाव ज्याच्या घरात न विचारता येतं-जातं, तो हा माणूस स्वतःच्याच घराच्या दारात थांबला आणि नातीला म्हणाला, "येऊ का मी आत?"

ती लगेच बोलली नाही. तिला शब्द जुळवायला वेळ लागत होता, आणि तिकडे अतिका, महजबीन, सगळी पोरं, कोणी हू का चू केलं नाही. हेही दारात तसेच उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. मग ती म्हणाली, "या."

ह्यांच्यासोबत मी पुष्कळ लग्नं, पुष्कळ पंगती फिरले आहे, पण कुठल्याही आवतणाला हे इतके हरखून गेलेले मी पाहिले नव्हते.